श्रमदान, उद्यान आणि ‘आपण’ : वनप्रदेशातील विद्यार्थिसेवेची परिभाषा

महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी एखादे सार्वजनिक उद्यान स्वच्छ करावे, तेथे चार रोपे लावावीत, मोडकी बाके दुरुस्त करावीत, ही आता सर्वत्र परिचयाची झालेली गोष्ट आहे. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्यात ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी होते. पुढे दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एक निवासी शिबिर हा तिचा साचा देशभर स्थिर झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमात लोकसहभागाच्या कार्याला श्रेयांकही मिळू लागले आहेत. या कार्याचे मोजमाप खड्ड्यांच्या, रोपांच्या आणि तासांच्या हिशेबाने होते, व ते स्वाभाविकही आहे. परंतु त्याला भाषेचेही एक अंग आहे आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. ‘विद्यार्थ्यांनी गावासाठी उद्यान सुधारले’ हे वाक्य वरकरणी निरुपद्रवी वाटते. त्यातील कर्ता कोण, ‘गावासाठी’ म्हणजे नेमके कोणासाठी आणि ‘उद्यान’ म्हणजे कोणती वस्तू, हे तीन प्रश्न विचारताच त्याचा निरुपद्रवीपणा संपतो.

हे प्रश्न जेथे सर्वांत स्पष्टपणे उभे राहतात असा प्रदेश म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वनव्याप्त जिल्हे होत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली स्वतंत्र होईपर्यंत हा एकच जिल्हा होता आणि त्यापूर्वी दीर्घकाळ तो ‘चांदा’ या नावाने ओळखला जाई. येथे प्रमाण मराठी शाळेची व कचेरीची, झाडीबोली घराची व शेताची, गोंडी आणि माडिया गावाच्या व रानाच्या, सिरोंच्याकडे तेलुगू, छत्तीसगडच्या सीमेलगत छत्तीसगढी, आणि निर्वासितांच्या वसाहतींतून बंगाली. एकाच जागेला निरनिराळ्या भाषांत निरनिराळी नावे असणे येथे नित्याचे आहे. नावे बदलली की जागेवरील हक्काची कल्पनाही बदलते, आणि विद्यार्थी जेव्हा कुदळ-फावडे घेऊन अशा जागी जातात तेव्हा ते नकळत यांपैकी एका नावाची बाजू घेत असतात.

प्रथम ‘उद्यान’ हाच शब्द घेऊ. हा शब्द संस्कृत. ‘उद्’ उपसर्ग आणि ‘या’ धातू यांपासून झालेला. त्याचा मूळ अर्थ बाहेर पडणे, फिरावयास जाणे. आणि त्यावरून, बाहेर पडून जेथे जावयाचे ती जागा. राजवाड्यातून, नगरातून बाहेर येणाऱ्या माणसाच्या पावलांवरून हे नाव पडले आहे. याउलट इंग्रजी ‘पार्क’ हा शब्द ज्या मध्ययुगीन लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा असा होता. युरोपातील राजे आणि सरदार शिकारीसाठी राखलेल्या अशा वनांना तो शब्द वापरीत. एका शब्दात बाहेर पडणारी पावले आहेत, तर दुसऱ्यात अडविणारे कुंपण. मराठीने ‘पार्क’चा प्रतिशब्द म्हणून ‘उद्यान’ स्वीकारला तेव्हा कुंपणाच्या कल्पनेला फिरण्याचे नाव मिळाले. शहरातील लहानशा बागेच्या बाबतीत हा विसंवाद जाणवत नाही. तेथे चंद्रपूर-नागपूरकडील माणूस बोलताना ‘बगीचा’ म्हणतो आणि ‘उद्यान’ हा शब्द नगरपालिकेच्या फलकासाठी राखून ठेवतो. पण ‘राष्ट्रीय उद्यान’ या संज्ञेत तो ठळकपणे जाणवतो.

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. ताडोबा हे नाव ज्या देवावरून आले त्याचे ठाणे तेथील तलावाच्या काठी आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला आणि देव झाला, अशी गोंड लोकांची परंपरागत कथा आहे. पौषात तेथे यात्रा भरत असे. पुढे १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. त्यानंतरच्या काळात बोटेझरी, नवेगाव इत्यादी गावांचे पुनर्वसन गाभाक्षेत्राबाहेर करण्यात आले. वाघाच्या रक्षणाची आवश्यकता येथे वादाचा विषय नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की नागपूरच्या प्रवाशाला ‘उद्यान’ म्हणजे बाहेर पडून जाण्याची जागा, आणि बोटेझरीच्या वृद्धाला तोच शब्द म्हणजे जेथून बाहेर पडावे लागले ती जागा. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ ज्या तालुक्यात शेजारी शेजारी नांदतात, तेथील महाविद्यालयाने ‘उद्यान-विकास’ असे नाव देऊन एखादा उपक्रम हाती घेतला, तर ऐकणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ जागा होईल, याचा विचार आधीच व्हावयास हवा.

आता ‘श्रमदान’. हा सामासिक शब्द मराठीत आणि हिंदीत आज इतका रुळला आहे की त्याचे वय कोणी विचारीत नाही. त्याचा प्रसार झाला तो मुख्यत्वे भूदान चळवळीच्या काळात. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे विनोबांना पहिले भूदान मिळाले आणि त्यानंतर संपत्तिदान, बुद्धिदान, ग्रामदान, जीवनदान अशा ‘दान’ उत्तरपदी शब्दांची एक मालिकाच निर्माण झाली. श्रमदान हे त्यांपैकी सर्वांत दीर्घायुषी ठरले, कारण ते सर्वांत स्वस्त होते. जमीन देणाऱ्याची जमीन जाते. श्रम देणाऱ्याचा एक रविवार जातो.

‘दान’ या क्रियेचे व्याकरण मात्र तितके सोपे नाही. पाणिनीय परंपरेत, देण्याच्या क्रियेने ज्याला उद्देशावयाचे त्याला संप्रदान म्हणतात आणि त्याची विभक्ती चतुर्थी. टीकाकारांपैकी एका पक्षाने यात एक मार्मिक अट घातली : देणाऱ्याचे स्वामित्व संपून घेणाऱ्याचे स्वामित्व निर्माण झाले, तरच ते दान. म्हणूनच परटाला धुवावयास दिलेल्या वस्त्राच्या बाबतीत परीट हा संप्रदान होत नाही. वस्त्र परत यावयाचे असते. दुसरा पक्ष पतंजलीच्या महाभाष्यातील एका उदाहरणाचा आधार घेतो. तेथे अशुद्ध स्वर उच्चारणाऱ्या शिष्याला उपाध्याय चपराक देतो, आणि तेथेही चतुर्थीच आहे. म्हणजे जे दिले जाते ते घेणाऱ्याला हवेच असते असे नाही.

व्याकरणाचा हा जुना वाद विद्यार्थिसेवेला विलक्षण लागू पडतो. एखाद्या वस्तीतील मोकळी जागा विद्यार्थ्यांनी सुधारली, शिबिर संपले, छायाचित्रे काढून झाली, फलकावर महाविद्यालयाचे नाव लागले आणि गुणपत्रिकेत श्रेयांक जमा झाले. येथे स्वामित्व कोणाचे संपले आणि कोणाचे निर्माण झाले? फलकावरील नावावरून पाहता जागा परटाकडच्या वस्त्रासारखीच दिसते. ती धुण्यासाठी दिली होती, आणि तिचे श्रेय धुणाऱ्याने आपल्याकडे ठेवले. याउलट, ज्या जागेत वस्तीतील बाया सरपण वाळवीत, मुले विटी-दांडू खेळत, तेथे कुंपण घालून हिरवळ लावली गेली असेल, तर ते देणे महाभाष्यातील उपाध्यायाच्या देण्याच्या जातीचे. दोन्ही प्रकार घडतात. आणि दोन्ही प्रकारांना अहवालात ‘श्रमदान’ हाच शब्द असतो.

विनोबांना या अडचणीची जाणीव होती. दान म्हणजे उपकार नव्हे, तर संविभाग, म्हणजे सम्यक् वाटणी, हा अर्थ त्यांनी शंकराचार्यांच्या आधाराने पुन्हा पुन्हा मांडला. त्या अर्थाने दानात वर-खाली असे दोन हात राहत नाहीत. शब्दाचा अर्थ मात्र प्रवचनाने बदलत नसतो, वापराने बदलतो. आणि वापर सर्वत्र एकसारखा झाला नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातच या शब्दाला एक वेगळा पर्याय पुढे आला, तो सोमनाथ येथे. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले ते १९५० च्या सुमारास. त्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक तेथे येऊन बांधकामाला हात लावून गेले. पुढे मूल तालुक्यातील सोमनाथ येथे ‘श्रमिक विद्यापीठा’ची कल्पना घेऊन काम सुरू झाले आणि १९६७ पासून महाविद्यालयीन युवकांसाठी उन्हाळ्यातील ‘श्रमसंस्कार छावणी’ भरू लागली. मे महिन्यातील चंद्रपूर जिल्ह्याच्या उन्हात, जेथे पारा सहज पंचेचाळीस अंशांवर जातो, शहरातील मुलामुलींनी पहाटे उठून माती उपसावी, बांध घालावेत, आणि दुपारी चर्चा ऐकाव्यात व कराव्यात, असा तिचा क्रम.

‘श्रमदान’ आणि ‘श्रमसंस्कार’ या दोन समासांतील पूर्वपद एकच आहे, पण उत्तरपदाने सगळी वाक्यरचना पालटते. दानाला घेणारा लागतो. संस्काराला लागतो तो संस्कार्य, म्हणजे ज्याच्यावर संस्कार होतो तो. आणि सोमनाथच्या छावणीत तो स्वतः विद्यार्थीच होता. कुष्ठमुक्त शेतकऱ्याच्या शेजारी उभे राहून त्याच्याइतके खणता येत नाही, हे ज्या हाताला कळले, त्या हाताला आपण काही ‘दिले’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. या नावात एक प्रामाणिकपणा आहे. आठ दिवसांच्या शिबिरात शहरी विद्यार्थी जे काम करतो त्याचे आर्थिक मूल्य थोडेच. त्याच्यात जो बदल होतो तोच या व्यवहारातील मुख्य लाभ, हे ‘संस्कार’ हा शब्द न लपविता सांगतो. अर्थात या शब्दालाही एक मर्यादा आहे. त्यात गाव हे केवळ साधन होण्याची भीती असते. विद्यार्थ्याच्या घडणीसाठी गाव ही जणू कार्यशाळा. सोमनाथमध्ये ती भीती फारशी उरली नाही, कारण तेथे वर्षभर राबणारे रहिवासी होते आणि छावणी त्यांच्या कामात येऊन मिळत असे. ज्या शिबिराला असा वर्षभराचा यजमान नसतो, तेथे संस्कारही आठ दिवसांचाच असतो.

राष्ट्रीय सेवा योजनेने ‘सेवा’ हा तिसरा शब्द घेतला आणि सोबत एक ब्रीदवाक्यही. त्या इंग्रजी ब्रीदाचा मराठी भावार्थ ‘मी नव्हे, तुम्ही’ असा आहे. स्वार्थत्यागाचा हा आदर्श उदात्त आहे यात संशय नाही. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मात्र त्यातील सर्वनामे विचार करण्याजोगी आहेत. ‘मी’ आणि ‘तुम्ही’ ही दोन परस्परव्यावर्तक पुरुषे आहेत; एक वगळल्याने दुसरे येते, आणि दोघांमधील अंतर तसेच राहते. इंग्रजीला प्रथमपुरुषी अनेकवचन एकच असल्यामुळे यापेक्षा निराळे म्हणणे कदाचित अवघड गेले असते. मराठीची स्थिती तशी नाही.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. ‘आम्ही बगीचा साफ करू’ हे आश्वासन आहे. ‘आपण बगीचा साफ करू’ हे निमंत्रण. हा भेद संस्कृतात नव्हता. द्राविडी भाषांत तो जुना आहे : तेलुगूत ‘मेमु’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, आणि ‘मनमु’ म्हणजे त्याला धरून आपण. मराठीत हा भेद द्राविडी सान्निध्यातून आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. गोंडी ही द्राविडी कुलातीलच भाषा. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषक २९ लाखांहून अधिक नोंदले गेले. तिच्या काही बोलींत हा भेद टिकून आहे, काहींत तो पुसट झाला आहे. तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमाप्रदेशात ‘आपण’ हा विचार मराठीला कदाचित शेजाऱ्यांकडून मिळालेला असेल, आणि त्याच शेजाऱ्यांच्या गावी जाऊन मराठी विद्यार्थ्याने ‘आम्ही तुमच्यासाठी’ असे म्हणावे, यात थोडी विसंगती आहे.

‘आपण’ची कथा एवढ्यावर संपत नाही. संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृत ‘अप्पा’च्या वाटेने आलेला हा शब्द मराठीत तीन कामे करतो : स्वतः या अर्थी, समावेशक प्रथमपुरुषी, आणि आदरार्थी द्वितीयपुरुषी. त्यामुळे एक गंमत होते. उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी ‘आपण हे उद्यान स्वच्छ ठेवावे’ असे लिहिलेले असते. येथील ‘आपण’ म्हणजे महाशय, तुम्ही. ‘आपण हे उद्यान स्वच्छ ठेवू या’ असे लिहिले की तोच शब्द लिहिणाऱ्यालाही कामाला लावतो. दोन फलकांत फरक केवळ क्रियापदाच्या रूपाचा आहे. पहिला फलक बहुधा कार्यालयात तयार होतो.

या सर्वनामांचा सर्वांत नेमका उपयोग विद्यापीठात नव्हे, तर गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या गोंड गावात झाला आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा प्रसिद्ध आहे. तिच्या पहिल्या अर्धात ‘आमचे’ हे षष्ठ्यंत विशेषण आहे. सरकार ही वेगळी वस्तू, आणि तिच्याशी आमचा संबंध आहे. दुसऱ्या अर्धात ‘आम्हीच’ ही प्रथमा, अवधारणाच्या ‘च’सह, येथे सरकार आणि आम्ही यांत संबंध उरत नाही, अभेद होतो. प्रातिनिधिक आणि प्रत्यक्ष लोकशाहीतील फरक एवढ्या थोडक्यात सांगणारे दुसरे वाक्य मराठीत सहसा सापडणार नाही. येथे ‘आम्ही’ वगळणारे आहे, आणि ते तसेच असावयास हवे. कारण हे वाक्य बाहेरून येणाऱ्याला उद्देशून आहे, आणि त्या बाहेरच्यांत विद्यार्थी व प्राध्यापकही येतात.

मेंढ्याचे उदाहरण आणखी एका कारणाने या विषयाशी निगडित आहे. गोटुल ही गोंड गावातील तरुणांची सार्वजनिक जागा. १९८० नंतरच्या दशकात गावकऱ्यांनी आपले गोटुल रानातील सागवान वापरून पुन्हा उभारले; वनखात्याने ते मोडले; गावाने ते परत बांधले. सार्वजनिक जागा स्वतःच्या श्रमाने सुधारण्याचे हे याच प्रदेशातील ठळक उदाहरण असूनही त्याला कोणी श्रमदान म्हटले नाही, कारण घेणारा व देणारा एकच होता. त्या क्रियेला संप्रदानच नव्हते. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०१३ मध्ये १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला. विनोबांचा ‘संविभाग’ हा अर्थ साठ वर्षांनी असा एका गावात वापरात आला. बाहेरच्या अभ्यासूंसाठीही मेंढ्याने एक जागा ठेवली आहे. तेथे निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी आणि अभ्यासगट वेगळा. बाहेरचा माणूस अभ्यासगटात बसू शकतो, माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. विद्यार्थ्यांच्या सेवाकार्याला गावात कोणते स्थान असावे, या प्रश्नाचे हे एक तयार उत्तर आहे आणि त्याचा उपयोग करून घेण्यास कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही.

शहराची गोष्ट थोडी निराळी. चंद्रपूर शहराभोवती गोंड राजांच्या काळातील परकोट आहे. त्याची उभारणी पंधराव्या शतकातील खांडक्या बल्लाळशाहपासून सुरू झाली असे मानतात. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसन अशा पाच खिडक्या आहेत. येथे खिडकी म्हणजे लहान दरवाजा. कित्येक दशके या तटावर झाडोरा माजला होता आणि त्याच्या पायथ्याशी शहराचा कचरा जमत होता. मार्च २०१७ मध्ये बंडू धोत्रे यांच्या इको-प्रो या संस्थेच्या तरुण स्वयंसेवकांनी हा परकोट व त्याचे बुरूज स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले. रोज सकाळी काही तास, याप्रमाणे ते सलग चालले. दोनशे दिवस उलटल्यावर, ऑक्टोबर २०१७ मध्ये, पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात त्याचा उल्लेख केला. त्यानंतरही काम चालू राहिले आणि पुढे तटावरून नागरिकांच्या वारसा-फेऱ्या निघू लागल्या.

या कामात दोन गोष्टी विशेष आहेत. पहिली, ते शहरातल्याच तरुणांनी केले, त्यामुळे ‘आम्ही तुमच्यासाठी’ या रचनेला तेथे वावच नव्हता. दुसरी, जी वास्तू लोकांना आत ठेवण्यासाठी व शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधली गेली, तिच्या माथ्यावरून लोक सकाळी फिरावयास जाऊ लागले. कुंपणाचेच फिरण्याचे ठिकाण झाले. ‘पार्क’चा ‘उद्यान’ झाला, असे शब्दशः म्हणता येईल.

नावांच्या दृष्टीनेही हा परकोट जपण्याजोगा आहे. ‘मसन खिडकी’ हे नाव पाहा. संस्कृत ‘श्मशान’, मराठी ‘मसण’, आणि चंद्रपुरी उच्चारात ‘मसन’. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ज्या झाडीबोलीचा आयुष्यभर अभ्यास केला तिच्यात ण, ळ, श, ष, छ ही व्यंजने नाहीत. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, ‘ळ’च्या जागी बहुधा ‘र’. या खिडकीचे नाव म्हणजे या बोलीचा दगडी पुरावा आहे. सुशोभनाच्या उत्साहात अशा नावांना सभ्य पर्याय देण्याची इच्छा सर्वत्र होत असते; मसणाचा ‘मोक्ष’ व्हावयास वेळ लागत नाही. झाडोरा काढणे आणि नाव काढणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, हे कुदळ हाती घेणाऱ्यांना कोणीतरी सांगितलेले बरे.

उद्यानात विद्यार्थी करीत असलेले एक काम असे आहे की ज्यात भाषेचा प्रश्न टाळताच येत नाही. ते म्हणजे झाडांवर नावाच्या पाट्या लावणे. बहुतेक ठिकाणी पाटीवर दोन नावे असतात, मराठी आणि शास्त्रीय. या प्रदेशात ती अपुरी पडतात, आणि ती का अपुरी पडतात हे दोन झाडांवरून स्पष्ट होईल.

पहिले झाड साग. आलापल्लीचे वनवैभव, जे २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले, ते मुख्यतः ज्यासाठी प्रसिद्ध आहे तो हा वृक्ष. ‘साग’ हा शब्द संस्कृत ‘शाक’पासूनचा. त्याचे शास्त्रीय नाव ‘टेक्टोना ग्रँडिस’. विद्यार्थी हे नाव लॅटिन म्हणून पाठ करतो. वस्तुतः ‘टेक्टोना’चे मूळ तमिळ-मल्याळममधील ‘तेक्कु’ या शब्दात आहे. तो पोर्तुगीजांच्या तोंडी ‘टेका’ झाला आणि त्यावरून युरोपीय शास्त्रज्ञांनी वृक्षाचे नाव बांधले. तेलुगूत हे झाड ‘टेकु’, आणि गोंडीत ‘टेका’. म्हणजे गावातल्या गोंड मुलाला जे नाव घरी मिळते आणि शाळेत अडाणी म्हणून सोडावे लागते, तेच नाव युरोपची प्रदक्षिणा करून, शास्त्राचा पोशाख चढवून, त्याच्यासमोर पाटीवर परत येते. त्या पाटीवर ‘टेका’ लिहिलेले नसेल तर ही ओळख पटण्याचा मार्ग नाही.

दुसरे झाड मोह. येथे प्रकार उलटा आहे. शास्त्रीय नाव ‘मधुका’ हे संस्कृत ‘मधूक’चे रूप, आणि मराठी ‘मोह’ हा त्याचाच प्राकृतातून आलेला वंशज. गोंडीतील ‘इरुप’ आणि तेलुगूतील ‘इप्प’ यांचे घराणे वेगळे. ते तमिळ ‘इरुप्पै’शी मिळते. सिरोंच्यातील उद्यानात मोहाच्या पाटीवर फक्त मराठी व शास्त्रीय नाव असेल, तर तेथील बहुसंख्य लोकांना एकच संस्कृत शब्द दोन लिप्यांत वाचावयास दिल्यासारखे होते.

अशी पाटी तयार करावयाची तर विद्यार्थ्यांना आधी झाडाखाली कोणाला तरी भेटावे लागेल, विचारावे लागेल, आणि मिळालेला उच्चार देवनागरीत कसा उतरवावा यावर आपसात वादही घालावा लागेल. पळसाला कोणी ‘परस’ म्हणेल. तेव्हा ‘ळ’ लिहावा की ‘र’, हा प्रश्न उद्भवेल. प्रमाण रूप वरच्या ओळीत व बोलीतील रूप खालच्या ओळीत, ही सोय मुद्रणाच्या दृष्टीने सोपी आहे. पण वर कोण आणि खाली कोण, हे ठरविताना गावातील माणसे समोर असतील तर सोपी गोष्टही चर्चेला येते. भाषाशास्त्र विभागातील विद्यार्थ्यांना ध्वनिलेखनाचा एवढा उपयुक्त वर्ग अन्यत्र मिळणे कठीण. माहिती सांगणाऱ्याचे वय, गाव आणि घरची भाषा वहीत नोंदवावी, एकाच झाडासाठी निदान तीन व्यक्तींना विचारावे, आणि रंग देण्यापूर्वी पाटी खडूने लिहून त्यांना वाचून दाखवावी. जे चुकले असेल ते खडूचे असल्यामुळे पुसता येते.